लहानपणी आवडलेलं पुन्हा पाहताना तुम्ही कोणाच्या बाजूने असता?

फेरीबोट (पणजी)

जुने चित्रपट पुन्हा पाहिले की सगळे एकच विचारतात, तेव्हाइतकं आवडलं का? मला वेगळं विचारायचं आहे. कथा तीच, पात्रं तीच. पण तेव्हा ज्याची बाजू घेऊन तुम्ही घरात भांडला असाल, आजही त्याचीच बाजू घ्याल का?

१९९४ साली 'कभी हां कभी ना' आला तेव्हा मी कॉलेजात होतो. गोव्यात घडणारी गोष्ट, दिग्दर्शक कुंदन शहा, आणि नायक असा की ज्याला शेवटी नायिका मिळत नाही. आमच्या कट्ट्यावर प्रत्येकाला सुनील आपलाच वाटायचा. त्याचं खोटं बोलणं, मित्रामैत्रिणीत काड्या घालणं, सगळं प्रेमाखातर म्हणून माफ! परवा घरी पुन्हा लावला. नापास झालेला सुनील खोटी गुणपत्रिका घरी आणतो, वडील हरखून जातात, तिथे माझी नजर वडिलांवरून हटेना. पूर्वी हा माणूस मला सुनीलच्या वाटेतला अडसर वाटायचा. आता त्याची फुगलेली छाती बघून पोटात कालवलं, कारण पुढे काय होणार ते मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. माझी मुलगी मात्र शेवटपर्यंत सुनीलची वकील.

तुमचं सांगा. मराठी, हिंदी, कोंकणी, चित्रपट, मालिका, काहीही चालेल. फक्त 'गेले ते दिवस' एवढ्यावर थांबू नका, पात्राचं नाव घ्या.

आबोली (म्हापसा)

दादा, मी लगेच नाव घेते. 'मालगुडी डेज'मधले स्वामीचे वडील, म्हणजे गिरीश कार्नाड.

पहिलाच भाग आठवा. वाघाशी झुंजलेल्या एका मुलाची बातमी पेपरात येते आणि वडील स्वामीला म्हणतात, धैर्य असेल तर आज आजीजवळ न झोपता माझ्या कचेरीच्या खोलीत एकटा झोप. ते बघताना मी माझ्या आजीला घट्ट धरून बसले होते. केवढा दुष्ट बाप, असं वाटायचं. आता मी शाळेत शिकवते. दर वर्षी वर्गात एखादा तरी स्वामी असतोच, आणि त्याचे वडील पालकसभेला येऊन हळूच विचारतात, "बाई, हा वर्गात बोलतो ना हो?" पुन्हा मालिका पाहिली तेव्हा कार्नाडांच्या आवाजातला दरारा तोच होता, पण त्यात राग नाही हे आता कळलं. पोर भित्रं राहील की काय ही त्या बापाचीच भीती आहे.

शंकर नाग यांनी ही मालिका आगुंबेला चित्रित केली. १९९० साली ते अपघातात गेले तेव्हा अवघे पस्तीस वर्षांचे होते. एल. वैद्यनाथन यांची ती सुरुवातीची धून मोबाइलवर लागली की आजही हातातलं काम थांबतं.

तिसरा_मजला (पर्वरी)

'अशी ही बनवाबनवी', १९८८. अख्खं जग धनंजय मानेच्या बाजूने. आता मी स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिला आहे आणि माझी बाजू लीलाबाई काळभोर यांची. त्या बाईने विश्वासाने घर दिलं, जीव लावला, आणि आपल्या घरात नक्की कोण राहतंय याचा तिलाच पत्ता नाही.

खाजें (साखळी)

@तिसरा_मजला, भाडेकरू ठेवायचा तर आता पोलिसांत त्याची माहिती द्यावी लागते. हा नियम तेव्हा असता आणि लीलाबाईंनी पाळला असता तर चित्रपट पहिल्या अर्ध्या तासात संपला असता.

तिसरा_मजला (पर्वरी)

आणि आपण केवढ्या आनंदाला मुकलो असतो! बाजू बदलली म्हणून माझं हसणं कमी झालेलं नाही हो. सुधीर जोशींचा सरपोतदार दारात उभा राहिला की आजही आमच्या घरात टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही, इतकी सगळी हसतात. हीच कल्पना १९६६ च्या 'बीवी और मकान'मध्ये आहे, हृषीकेश मुखर्जींच्या. तोही पाहिला. चांगला आहे, पण लक्ष्या आणि अशोक सराफ यांची ती चाल त्याला नाही.

झरीकडचा (काणकोण)

माझं वय इथल्या बहुतेकांच्या निम्मं असेल, तरी बोलतो. आतापर्यंत काय आलं? बाप, बाप आणि घरमालकीण. वय वाढलं की माणूस बापाकडे आणि मालकाकडे सरकतो, एवढंच असेल तर त्यात चित्रपटाचं काय?

आमच्याकडे पाहुणे दोनापावलला फिरून आले की रात्री हटकून 'एक दूजे के लिए' लावतात. १९८१ चा. बाबा वासू-सपनासाठी डोळे पुसतात. आई म्हणते, वर्षभर भेटू नका ही घरच्यांची अट तशी वाईट नव्हती. दोघांचं यावर दर वेळी वाजतं. मी मात्र तिसऱ्याच माणसाकडे बघतो. संध्या, म्हणजे माधवीने केलेली ती तरुण विधवा. वासूला हिंदी शिकवते, त्याला उभं करते, मनातून त्याच्यावर प्रेम करते आणि त्याच्या प्रेमासाठी स्वतः बाजूला होते. शेवट इतका भयानक आहे की लोक बाहेर पडताना नायक-नायिकेबद्दल बोलतात. संध्याचं पुढे काय झालं असेल हे आमच्या घरात आजवर कोणी विचारलेलं नाही.

रविवार_साडेनऊ (डिचोली)

झरीकडच्या, तुझ्या संध्येवरून मला उत्तरा आठवली.

१९८८ ते १९९०, बी. आर. चोप्रांचं 'महाभारत'. आमच्या वाड्यावर टीव्ही मोजक्याच घरांत. रविवारी सकाळी आमची वसरी भरायची. पोरं पुढे जमिनीवर, बायका दाराशी, आणि एक जण अँटेना फिरवायला माडीवर. वर्षा उसगावकर उत्तरा होऊन आल्या तेव्हा वसरीत जो गलका झाला तो सांगता येत नाही. आपल्या गोव्याची मुलगी महाभारतात! आम्ही फक्त ती कधी येते याचीच वाट बघायचो. युद्ध, शाप, प्रतिज्ञा सगळं तिच्या पुढे फिकं.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झाल्यावर दूरदर्शनने 'रामायण' आणि 'महाभारत' पुन्हा दाखवायला घेतलं. तेव्हा मी उत्तरेची गोष्ट सलग पाहिली. विराट तिला अर्जुनाला देऊ करतो. अर्जुन म्हणतो, ही माझी शिष्या, हिला मी सून करून घेतो. ठरलं! तिला विचारायचं कोणाच्या मनात येत नाही. मग अभिमन्यू, मग चक्रव्यूह, आणि पोटात मूल घेऊन ती कोवळी पोर मागे उरते. लहानपणी आम्ही सगळे कर्ण की अर्जुन यावर हमरीतुमरीवर यायचो. आता माझ्या डोक्यात ती पोर राहिली आहे. राही मासूम रझांनी संवाद लिहिले, हरीश भिमाणींच्या आवाजातल्या 'समया'ला सगळं माहीत असतं. त्यानेही तिच्यासाठी थोडं अजून थांबायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

खाजें (साखळी)

आमच्याकडे लहान मुलांत अभिमन्यू व्हायला कोणी तयार नसायचं, कारण लवकर मरावं लागायचं. शेवटी धाकट्याला करायचो.

माटोळी (फोंडा)

दोन दिवस हा धागा वाचते आहे. आता सविस्तर लिहिते.

'उंबरठा', १९८२. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून. सुलभा महाजन, म्हणजे स्मिता पाटील, सुखवस्तू घर, वकील नवरा आणि लहानगी राणी यांना मागे ठेवून महिलाश्रमाची नोकरी पत्करते. मी शाळकरी असताना आई आणि मावशीबरोबर पाहिला. परतताना आई एवढंच म्हणाली, "पोटच्या पोरीला टाकून गेली ती." आईचा तो निकाल मी पुढे कित्येक वर्षं जसाच्या तसा बाळगला.

मग माझी नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं आणि सांग्याला बदली झाली. रोज जाऊन-येऊन जमेना. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी घरी यायचं असं चाललं. त्या दिवसांत 'उंबरठा' पुन्हा पाहिला आणि सुलभेचा शब्दन् शब्द कळला. आश्रमातल्या बायकांची दुःखं, वरच्या समितीचा ढोंगीपणा, रात्री एकटीने खोलीत बसणं. घरी परत आल्यावर नवऱ्याकडून दुसऱ्या बाईबद्दल ऐकणं आणि पुन्हा तोच उंबरठा ओलांडणं. आईला फोन केला. पुष्कळ वेळ बोललो. आईचं मत बदललं नाही, पण "तुझी गोष्ट वेगळी" असं म्हणाली. ते मला अजून पटलेलं नाही.

आता निवृत्त झाले. मुलगा-सून दोघंही नोकरीला, नात दिवसभर माझ्याकडे. गेल्या पावसात पुन्हा लावला आणि या वेळी मी घरात राहिलेल्या जावेकडे बघत होते. राणीला ती सांभाळते, पोर तिला बिलगते, आणि ती मनाने आई होऊन जाते. आपल्या आशालता वाबगावकरांनी ती केली आहे. गोव्याची ही बाई, 'मत्स्यगंधा' नाटकातली सत्यवती आमच्या आधीच्या पिढीच्या कानात आहे, पण या छोट्या भूमिकेबद्दल कोणी बोलत नाही. संध्याकाळी सून दारात आली की नात माझ्या हातातून सुटून तिच्याकडे धावते. तसंच हवं, मलाही तेच हवं आहे. पण हात रिकामे होतात ते होतातच.

शेवंती (मडगाव)

माटोळीताई, वाचून गलबलले. तरीही मी तुमच्याशी सहमत नाही.

जाऊ चांगलीच आहे, तिच्याबद्दल वाईट वाटणं माणूसपणाचं आहे. पण सुलभेने जे केलं ते एखाद्या पुरुषाने केलं असतं तर त्यावर चित्रपटच निघाला नसता. आमच्या गोव्यात अर्ध्या घरांतले बाप जहाजावर नाहीतर आखातात असायचे. त्यांना कोणी 'मुलांना टाकून गेला' म्हटलं का? पोटासाठी गेला, म्हणाले. सुलभेलाही काम करायचं होतं, तेही दुसऱ्या बायकांसाठी. चित्रपटाने तिची बाजू घेतली आहे, ठामपणे. आपण पुन्हा पुन्हा बघत आजूबाजूच्या सगळ्यांना सहानुभूती वाटत गेलो तर तिचं ते एक पाऊल धूसर होतं. मी तेव्हाही सुलभेच्या बाजूने होते आणि आजही आहे.

माटोळी (फोंडा)

शेवंती, तुझं जहाजाचं उदाहरण आईला ऐकवणार आहे. ती यावर काय म्हणेल हे मला आत्ताच दिसतंय, तरी ऐकवणार.

गोडशेंव (वास्को)

मी पुन्हा पाहत नाही. चवथीला आमच्या मोठ्या घरी सगळे काका-आत्या जमायचे. आरत्या झाल्या की भाड्याने आणलेला व्हीसीआर लागायचा, रात्रभर एकामागून एक कॅसेट. 'धूमधडाका' मी अर्धा झोपेत आणि अर्धा आतेभावाच्या खांद्यावर पाहिला आहे. त्यात बाजूबिजू काही नव्हती. तो तसाच मला हवा आहे.

फेरीबोट (पणजी)

गोडशेंव, हेही उत्तरच आहे. मान्य.

कुळागर (लोटली)

मी ज्या चित्रपटाबद्दल लिहिणार तो आमच्या गावातच झाला. श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल', १९८५. मारिओ मिरांडांच्या घरात चित्रीकरण झालं तेव्हा आम्ही पोरं कुंपणाशी गर्दी करायचो. दिवे, गाड्या, लीला नायडू! चित्रपट लागला तेव्हा मोठ्या आशेने गेलो आणि पुरते कंटाळलो. एका श्रीमंत घरात माणूस मेलाय, सगळे काळे कपडे घालून बसलेत, लग्न पुढे ढकलायचं की नाही यावर चर्चा. १९६१ साल आहे, बाहेर मुक्तीची चाहूल आहे आणि ही माणसं पोर्तुगालकडे डोळे लावून बसली आहेत. आमच्या घरात गोवा मुक्तीसाठी तुरुंगात गेलेले आजोबा. मी कोणाच्या बाजूने असणार? त्या घरातल्या एकाच्याही नाही.

आता साठी आली. गेल्या वर्षी शांतपणे पाहिला. नसीरुद्दीनचा रुईझ परेरा चोवीस वर्षांनी गावी येतो आणि त्याला सगळं आठवत जातं, अशी त्याची बांधणी आहे. एक जग संपतंय आणि आतल्यांना ते कबूल करता येत नाही. घरची मालकीण दोना मारिया (लीला नायडू) नवऱ्याचा मृत्यूही कबूल करत नाही. मृतात्म्यांना बोलावते, तर येते पोर्तुगीजांविरुद्धच्या राण्यांच्या बंडाची सावली. बेनेगलांनी तिथे सगळा हिशोब मांडला आहे, ही श्रीमंती कोणाच्या जिवावर आली तो. पंचविशीत मला ते भुताचं दृश्य वाटलं होतं.

आणि मिलाग्रेनिया, नीना गुप्तांनी केलेली. घरधन्याचीच मुलगी, पण नाव नाही, म्हणून मोलकरीण. सगळं घर पोर्तुगाल की भारत यावर बोलतं आणि ती ताटं उचलते. मी आता तिच्या बाजूने आहे. आजोबांनाही ते पटलं असतं असं वाटतं.

एक आणखी. हिंदी चित्रपटांतलं गोवं बहुतेक वेळा एकाच आडनावाचं असतं. 'बॉबी'त प्रेमनाथ जॅक ब्रगांझा. वीस वर्षांनी फेरीबोटच्या 'कभी हां कभी ना'त नसीरुद्दीन पाद्री होतो, तोही ब्रगांझा. देवळं, जत्रा, काला, गावोगावची हौशी मराठी नाटकं, हे पडद्यावर येतच नाही. तरुणपणी आम्ही पडद्यावर 'गोवा' शब्द ऐकला तरी टाळ्या वाजवायचो. आता मला आपली माणसं त्यात शोधावीशी वाटतात आणि ती सापडत नाहीत. याचा मला खरंच त्रास होतो.

खाजें (साखळी)

कुळागरबाब, 'सात हिंदुस्तानी' विसरलात? गोवामुक्तीवरच आहे, १९६९. अमिताभचा पहिला चित्रपट.

कुळागर (लोटली)

विसरलो नाही. त्यात दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बासांनी मुद्दाम अदलाबदल केली होती, बंगालचे उत्पल दत्त पंजाबी होतात आणि जलाल आगा मराठी सखाराम शिंदे. सातांपैकी सहा जण बाहेरून गोव्यात सत्याग्रहाला येतात. आदर आहेच, बाहेरून आलेल्यांनीही इथे मार खाल्ला, जीव दिले. पण त्यात गोव्यातली म्हणून ठळक लक्षात राहते ती एक मारियाच.

ऑर्गनवाला (मडगाव)

कुळागरबाब, आपली माणसं पडद्यावर शोधू नका, कान देऊन शोधा.

मी लग्नसमारंभांत वाजवायचो. लहानपणी 'अमर अकबर अँथनी'मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव म्हणजे मला एक गंमत वाटायची. पुढे कळलं की माजोर्डेचे अँथनी गोन्साल्विस हे खरे व्हायोलिनवादक, प्यारेलाल यांचे गुरू, आणि ते नाव त्यांच्यावरून आलं आहे. मग सेबॅस्टियन डिसोझा. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत व्हायोलिनचा जो ताफा उसळून येतो, त्याची बांधणी त्यांची. ही माणसं सुरावट कागदावर लिहून वाद्यवृंदाच्या हाती द्यायची. चर्चमध्ये लहानपणी शिकलेलं ते लेखन तिथे उपयोगी पडलं. श्रेयनामावलीत त्यांची नावं क्वचितच.

त्यामुळे माझं उत्तर असं आहे. तेव्हा मी नायकाकडे बघायचो. आता कडव्यांमधली जागा आली की डोळे मिटतो आणि तिथे कोण वाजवत असेल याचा विचार करतो. फ्रँक फर्नांडही याच मंडळींतले. मुंबईत हिंदी चित्रपटांसाठी वाजवता वाजवता त्यांनी 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट उभे केले.

तारवटी (वास्को, सध्या जहाजावर)

'निर्मोण'चं नाव निघालं म्हणून इथे नेटवर्क असेपर्यंत लिहितो.

१९६६ चा चित्रपट. सी. आल्वारिस आणि शालिनी मार्डोळकर. पुढच्याच वर्षी हिंदीत 'तकदीर' निघाला, तो यावरूनच, आणि त्यातही शालिनीच. नवरा दर्यावर जातो, मेला असं समजतात, बायको शेवटी दुसरं लग्न करते, आणि तो परत येतो. आमची आजी हा चित्रपट तोंडपाठ सांगायची. तिचा नवरा म्हणजे माझे आजोबाही तारवटी. आजी बायकोच्या बाजूने. "पोरांना काय दर्याचं पाणी पाजायचं होतं?" असं म्हणायची. आजोबा गप्प.

मी कॉलेजात असताना पाहिला तेव्हा आजीचंच बरोबर वाटलं, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही. आता मी स्वतः जहाजावर आहे. सहा-सात महिन्यांनी घरी जातो. बायकोने फ्रिज बदललेला असतो, मुलाचा आवाज फुटलेला असतो, देवघर दुसऱ्या खोलीत गेलेलं असतं. सगळं नीट चाललेलं असतं, आणि पहिले चार दिवस मी आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसतो. म्हणून तो दारात परतलेला माणूस मला आता आतून कळतो. त्या बायकोचं काहीच चुकलेलं नाही. तरी माझी बाजू त्याची. शेवंतीताई, तुम्ही जहाजावरच्या बापांबद्दल लिहिलंत ते बरोबर आहे. आम्हाला कोणी नावं ठेवत नाही. पण घर आपल्यावाचून चालायला शिकतं, एवढं मात्र होतं.

शेवंती (मडगाव)

तारवटी, हे 'उंबरठा'च्या शेवटाइतकंच खरं आहे. सुलभाही परत येते तेव्हा तेच होतं. तुम्हा दोघांना एका बाजूला बसवायला मला काहीच अडचण नाही. सुखरूप या.

आबोली (म्हापसा)

तारवटीदादा, देव बरें करूं. आता जरा हलकं लिहिते. 'श्रीयुत गंगाधर टिपरे', २००१. घरात सगळ्यांनी एकेक पात्र वाटून घेतलं होतं आणि मी शलाका. आता मी श्यामल झाले आहे आणि माझी लेक शलाका. नवरा म्हणतो, तो अजून शिऱ्याच आहे.

फेरीबोट (पणजी)

सगळ्यांचं वाचून झालं. झरीकडच्या, तुझा आक्षेप मी मनावर घेतला. वय वाढलं म्हणून आपण बापाकडे सरकतो, हे काही अंशी खरं. पण तारवटी बघ, आजीची बाजू सोडून त्या परतलेल्या नवऱ्याकडे गेला. कुळागरबाब मोलकरणीकडे गेले, जिच्याशी त्यांचं वयाने, परिस्थितीने काहीच जुळत नाही. माटोळीताई तर एकाच चित्रपटात तिघींकडे जाऊन आल्या. आणि तू विशीतच संध्येपाशी थांबलास. म्हणून मला वाटतं, ज्या चित्रपटात लेखकाने बाजूच्या माणसालाही त्याचं स्वतःचं म्हणणं दिलेलं असतं, तोच पुन्हा बघण्याजोगा उरतो. त्या काळी आवडलेले आणि आता दहा मिनिटांत बंद केलेले चित्रपट माझ्याकडेही आहेत. त्यांत सगळे जण फक्त नायकासाठी जन्माला आलेले असतात.

झरीकडचा (काणकोण)

हे पटलं. आज बाबांना विचारलं, संध्याचं पुढे काय झालं असेल? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आई म्हणाली, "ती नाच शिकवत राहिली असेल. दुसरं काय करणार?" आमच्या घरात पहिल्यांदाच या चित्रपटावर भांडण न होता बोलणं झालं.

शिंपली (केपे)

मी इथे फारशी लिहीत नाही. एक विचारायचं आहे.

'चौकट राजा', १९९१, संजय सूरकर यांचा. दिलीप प्रभावळकरांचा गतिमंद नंदू. आम्ही भावंडं लहान असताना पाहिला आणि ओक्साबोक्शी रडलो, कारण आमचा धाकटा भाऊही तसाच. नंदूला जे जे होतं ते सगळं त्याला होतंय असं वाटायचं. मी नंदूच्या बाजूने, पूर्णपणे. त्याच्याकडे हसून बघणाऱ्या प्रत्येकाचा राग यायचा.

आता भाऊ माझ्याकडे असतो. आईचं वय झालं आहे, तीही माझ्याकडेच. गेल्या महिन्यात एकटीने पुन्हा पाहिला. सुलभा देशपांडेंनी केलेली नंदूची आई, तिच्यावरून माझी नजर हलली नाही. तिच्या प्रत्येक हालचालीत एकच काळजी आहे, माझ्यामागे याचं काय? माझ्या आईने हे आम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. लहानपणी आम्ही रडत होतो तेव्हा ती शेजारी बसून कोरड्या डोळ्यांनी पडद्याकडे बघत होती, ते मला आता आठवलं.

आईला हा चित्रपट आता पुन्हा दाखवावा का?

माटोळी (फोंडा)

दाखव गो बाय. पण आधी तिला सांग की भाऊ तुझ्याकडेच राहणार आहे. कागदावर काय करायचं असेल ते करून घे, बँकेचं, घराचं, पालकत्वाचं. हे सगळं तिच्यासमोर ठेव, मग चित्रपट लाव. नाहीतर तोच प्रश्न घेऊन ती पुन्हा तशीच बसेल.

शिंपली (केपे)

कागदपत्रांचं निम्मं झालंय, ताई. उरलेलं या महिन्यात करते.

तारवटी (वास्को, सध्या जहाजावर)

शिंपली, पालकत्वाच्या कागदांसाठी माझ्या मावसबहिणीने केप्यातच सगळं केलं आहे. तिचा मुलगाही तसाच. तिला विचारून व्यक्तिगत निरोपात लिहितो, दोन दिवस थांब, पुढच्या बंदरात नेटवर्क मिळेल.